घरची पत्रे आणि घरातली लढाई : राक्षसभुवनच्या काळातील मराठी पत्रव्यवहार

पेशवाईतील गृहकलहाचा इतिहास बखरींपेक्षा पत्रांतून अधिक नीट कळतो. बखर लढाई संपल्यावर सावकाश लिहिली जाई, आणि लिहिणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असे. छावणीतून घरी आणि घरून छावणीत जाणारे पत्र लिहिताना उद्या काय होणार हे कोणालाच माहीत नसे. म्हणूनच 1761 ते 1802 या काळात मराठी माणसे मराठी माणसांविरुद्ध उभी राहिली, तेव्हा घरादारांवर काय गुदरले हे समजून घ्यायला हे कागद फार उपयोगी पडतात. त्यांतला एक मोठा प्रसंग गोदावरीच्या काठी, आजच्या घनसावंगी आणि अंबड तालुक्यांच्या समोर घडला.

या दोन तालुक्यांची दक्षिण सीमा गोदावरीने आखली आहे. पलीकडे बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका लागतो आणि त्यात नदीकाठी राक्षसभुवन आहे. गोदावरीला इथे गंगा म्हणतात आणि तिच्या दोन्ही काठांच्या पट्ट्याला गंगथडी. अठराव्या शतकातल्या पत्रांतही नदीचे नाव बहुधा गंगा असेच येते. अठराव्या शतकात हा मुलूख निजाम आणि मराठे यांच्या ओढाताणीतला होता. वरचा अंमल कोणाचाही असला तरी गावचा हिशेब मराठीत, मोडी लिपीत चाले. पुढच्या हकिकतीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

पानिपतच्या पराभवानंतर पाच महिन्यांनी, 23 जून 1761 रोजी नानासाहेब पेशवे वारले. सोळा वर्षांच्या माधवरावांना जुलैत पेशवाईची वस्त्रे मिळाली. कारभार मात्र चुलते रघुनाथराव आणि सखारामबापू बोकील यांच्या हाती होता. पुतण्याने कारभारात लक्ष घालताच चुलता रुसून पुण्याबाहेर पडला आणि नोव्हेंबर 1762 मध्ये घोडनदीजवळ चुलत्या-पुतण्यांच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या. आणखी नुकसान नको म्हणून माधवराव आळेगावच्या मुक्कामी स्वतः चुलत्याच्या छावणीत गेले आणि त्याच्या स्वाधीन झाले. लढाई थांबली, पण सूड थांबला नाही. माधवरावांची बाजू घेतलेल्या पटवर्धनांकडून रघुनाथरावांनी 1763 च्या सुरुवातीला मिरज काढून घेतली. गोपाळराव पटवर्धन निजामाच्या आश्रयाला गेले. नागपूरकर जानोजी भोसले तिथे होतेच. निजाम अलीचा दिवाण विठ्ठल सुंदर हाही मराठी ब्राह्मणच. निजामाच्या बाजूने आखलेल्या त्या वर्षीच्या मोहिमेत मराठी बोलणारी माणसे अशी दोन्हीकडे होती.

परक्या शत्रूशी युद्ध असले की पत्र कोठे धोक्यात आहे हे ठरलेले असते. सरहद्द ओलांडेपर्यंत वाट आपली आणि पुढची शत्रूची. भाऊबंदकीत तसे नसते. मिरजेहून निघालेला जासूद ज्या गावांतून जाई, त्यांतले एक गाव दादासाहेबांचे म्हणजे रघुनाथरावांचे, दुसरे श्रीमंतांचे म्हणजे माधवरावांचे आणि तिसरे उद्या कोणाचे होईल ते सांगता न येणारे. पत्र पकडणाऱ्याला ते वाचायला दुभाषा लागत नसे. मोडी दोन्हीकडच्या कारकुनांना येई आणि हस्ताक्षर कोणाचे हेही पुष्कळदा ओळखू येई. घराण्याघराण्यांत सोयरिकी होत्या, त्यामुळे पत्रातला ‘चिरंजीव’ कोण आणि ‘वहिनी’ कोण हे वेगळे सांगावे लागत नसे.

यातून लिहिण्याची एक वेगळीच रीत तयार झाली. नाजूक गोष्ट कागदावर उतरवायचीच नाही. जासुदाने तोंडी निरोप सांगायचा, आणि पत्रात फक्त तो सांगेल त्यावर भरवसा ठेवावा एवढेच लिहायचे. अशा पत्रांचे वाचक आज चरफडतात, कारण सगळ्यात मोलाचा मजकूर जासुदाबरोबरच गेला. दुसरी युक्ती म्हणजे आडून बोलणे. पानिपतची बातमी नानासाहेबांना भेलशाजवळ सुमारे दहा दिवसांनी कळली, ती एका सावकारी पत्रातून. त्यात माणसांचे मरण मोत्ये आणि मोहरा हरवल्याच्या भाषेत लिहिले होते. ते पत्र व्यापाराचे होते, पण आडून लिहिलेले वाचण्याची सवय त्या काळी किती अंगवळणी पडली होती हे त्यावरून दिसते. तिसरी युक्ती साधी होती. एकच मजकूर दोन वेगळ्या वाटांनी धाडायचा, म्हणजे एक पत्र अडले तरी दुसरे पोचे.

टपाल नेणाऱ्यांचे प्रकार अनेक होते. पायी जाणारे जासूद आणि कासीद, मजुरीवर नेमलेले अजुरदार, घाईच्या कामाला सांडणीस्वार. जासूद शक्यतो जोडीने जात. एक आजारी पडला, मारला गेला किंवा फितला तर दुसरा असावा हा हेतू. जासूद म्हणजे नुसता हलकारा नव्हे. तो वाटेत पाहिलेले सांगे, फौजा मोजे, धान्याचा भाव विचारून येई. त्यामुळे त्याला पकडणाऱ्याचा अर्धा रोख पत्रावर असे आणि अर्धा त्याच्या तोंडातून काय निघते त्यावर. पुण्याहून राक्षसभुवन सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. चालत्या माणसाच्या हिशेबाने, पावसाळ्यात आणि मुख्य वाटा टाळून, ही मजल काही दिवसांची होती. उत्तर येईपर्यंत छावणीचा मुक्काम हललेला असे. म्हणून पत्रात तिथीइतकीच ‘मुक्काम’ या शब्दापुढची जागा महत्त्वाची. घरच्यांना माणूस जिवंत आहे एवढे पुरेसे नसे, पुढचे पत्र कोठे धाडायचे हेही कळावे लागे.

पत्राचा बाहेरचा घाट ठरलेला होता. आरंभी ज्याला लिहायचे त्याच्या मानाप्रमाणे मायना. वडिलांना साष्टांग नमस्कार, मुलाला आशीर्वाद, बरोबरीच्याला दंडवत किंवा रामराम. त्यानंतर इथले कुशल आहे, आपले कुशल लिहीत जावे हा नेहमीचा मजकूर, आणि मग ‘विशेष’ म्हणून खरी गोष्ट. शेवटी बहुत काय लिहिणे, आणि कधी शिक्का. मजकूर बहुतेक कारकून लिही. सरदार स्वतः शेवटी चार ओळी घाली, आणि या ओळींचे अक्षर, शाई, घाई सगळेच वेगळे असते. कारकुनाच्या भागात फौजेचे वर्तमान येते. खालच्या चार ओळींत आईचे गुडघे, मुलाची मुंज, थकलेले कर्ज, दारातल्या घोडीचे शिंगरू आणि अमुक वैद्याचे औषध बंद करू नये अशी ताकीद येते. कागद हाताने केलेला असे. दौलताबादेजवळचे कागजीपुरा हे त्यासाठी नावाजलेले गाव. बोरूने लिहून वर वाळू टाकून शाई टिपली जाई.

तारखांनी मात्र संशोधकांचा जीव काढला आहे. पत्रावर हिजरी महिन्यातल्या चंद्राचा दिवस ‘छ’ अक्षरापुढे दिलेला असतो आणि वर्ष पुष्कळदा नसतेच, कारण वाचणाऱ्याला ते माहीत होते. वर्ष असले तर सुहूर सनाचे, अरबी शब्दांत. राक्षसभुवनची लढाई ज्या सनात झाली तो ‘अर्बा सितैन मया व अलफ’, म्हणजे चार, साठ, शंभर आणि हजार मिळून 1164. हा सन मृगाच्या सुमारास बदलतो. त्यामुळे एकाच इसवी सनातल्या मे आणि ऑगस्टच्या पत्रांवर वेगवेगळे सुहूर सन पडतात. ज्या पत्रावर सनच नाही, त्यातला पाऊस, मेलेला माणूस आणि फौजेचा मुक्काम जुळवून वर्ष ठरवावे लागते. हे काम चुकले की एका कलहातले पत्र दुसऱ्या कलहात जाऊन बसते आणि निष्ठावंत माणूस फितूर ठरतो.

1763 च्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी एकमेकांचा मुलूख लुटायचे ठरवले. मराठी फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या, आणि निजाम व जानोजी यांच्या फौजांनी मे महिन्यात पुणे लुटून जाळले. पुणेकरांनी आधीच पळ काढला होता. पेशव्यांचे कुटुंब आणि दप्तराचा काही भाग सिंहगडाकडे हलवला होता. गडाखालचे गाव शत्रूच्या हाती लागले आणि तिथे ठेवलेल्या चीजवस्तूंबरोबर कागदपत्रांचाही नाश झाला. घर सोडलेल्या कुटुंबांशी पत्रव्यवहार ठेवणे ही तेव्हा फौजेतल्या प्रत्येकाची चिंता होती. बायकामुले गडावर आहेत, कोकणात उतरली, की नातलगांच्या गावी थांबली, हे कळल्याशिवाय पुरुषाचे चित्त रणात लागत नव्हते. पुणे जाळण्यामागे लुटीइतकाच हाही हिशेब असणार.

ऑगस्टमध्ये निजामाची फौज औरंगाबादेकडे परत निघाली. गोदावरीला पूर होता. निजाम मोठी फौज घेऊन उत्तर काठावर, म्हणजे अंबड-घनसावंगीच्या बाजूला उतरला. विठ्ठल सुंदर बाकीचे सैन्य आणि सामान घेऊन दक्षिण काठावर राहिला. एवढ्या अवधीत पत्रांनी आपले काम केले होते. बत्तीस लाखांच्या मुलखाचे आश्वासन घेऊन जानोजी भोसले गुप्तपणे निजामापासून फुटले होते. 10 ऑगस्ट 1763 रोजी, श्रावणाच्या सुरुवातीला, मराठ्यांनी राक्षसभुवनजवळ दक्षिण काठावरच्या सैन्यावर हल्ला केला. रघुनाथराव शत्रूच्या गर्दीत सापडले असता माधवरावांनी त्यांना सोडवले. नऊ महिन्यांपूर्वी ज्या चुलत्यापुढे हा पुतण्या शरण गेला होता तोच चुलता. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या काठावरून निजामाला पाहण्यापलीकडे काही करता आले नाही. पुरात माणूस पार करायचा तर भोपळ्यांची सांगड, नाव किंवा ताफा लागे आणि फौज त्यावर जात नाही. एखादा धाडसी जासूद जाऊ शकला असता. तह झाला तेव्हा निजामाने सुमारे 82 लाखांचा मुलूख परत केला आणि पटवर्धनांना मिरज परत मिळाली.

हे सगळे एवढ्या तपशिलात ठाऊक आहे याचे पुष्कळसे श्रेय वासुदेवशास्त्री खरे (1858–1924) यांना जाते. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या या गृहस्थाने पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे वाचून 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडाखंडाने छापायला सुरुवात केली आणि मरेपर्यंत ते काम सोडले नाही. पेशवे दप्तर हे सरकारचे दप्तर. त्यातून गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात 45 खंड निवडून छापले, तरी त्यात राज्यकारभार आणि हिशेब यांचाच वरचष्मा आहे. पटवर्धनांचे दप्तर एका लढाऊ कुटुंबाचे. कोकणातल्या कोतवड्याच्या हरभटांचे मुलगे आणि नातू एकाच वेळी वेगवेगळ्या मोहिमांवर असत आणि एकमेकांना व घराला सतत लिहीत. फौजेतल्या माणसाने घरी काय लिहिले हे जाणायचे असेल तर मराठीत खऱ्यांच्या लेखसंग्रहाइतका चांगला साठा दुसरा नाही. तो आज फारसा कोणी उघडत नाही ही खेदाची गोष्ट आहे.

बायका या पत्रव्यवहारात नुसत्या वाट पाहणाऱ्या नव्हत्या. मल्हारराव होळकरांनी 1765 मध्ये अहिल्याबाईंना लिहिलेल्या पत्रांत तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याच्या सूचना आहेत. सासऱ्याचे सुनेला पत्र आहे, पण त्यात दारूगोळा आहे. माधवरावांच्या आई गोपिकाबाई मुलाच्या कारभारात लक्ष घालत, तेवढ्यावरून आईमुलात बिनसले आणि त्या नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या. तिथूनही त्यांची पत्रे येतच राहिली. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई स्वतः लिहीत आणि नवऱ्याच्या राजकारणात त्यांचा हात होता. 1775 मध्ये रघुनाथराव गुजरातेत इंग्रजांकडे गेले तेव्हा आनंदीबाई धारला होत्या, आणि दुसरे बाजीराव तिथेच जन्मले. नवरा एका परक्याच्या छावणीत, बायको वेढ्याच्या धाकात आणि मधल्या सगळ्या वाटा बारभाईंच्या, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या हाती. असे पत्र कोणी पकडले तर तो कौटुंबिक कागद राहत नसे, फितुरीचा पुरावा होई.

पुराव्याची ही धास्ती निराधार नव्हती. सखारामबापूंनी रघुनाथरावांना पुन्हा आणण्याविषयी इंग्रजांना दिलेला लेखी कागद 1779 मध्ये, वडगावला इंग्रज फौज हरल्यानंतर, महादजी शिंद्यांच्या मार्फत पुण्यात पोचला. बापूंना कैद झाली आणि 1781 मध्ये ते रायगडावर कैदेतच वारले. महाराष्ट्राच्या मनात मात्र घर करून बसले ते दुसरेच पत्र. 30 ऑगस्ट 1773 रोजी माधवरावांचे धाकटे भाऊ आणि त्यांच्यानंतरचे पेशवे नारायणराव यांचा शनिवारवाड्यात खून झाला, तो आनंदीबाईंनी आज्ञापत्रातल्या एका अक्षरात फेरफार केल्याने, असे सांगितले जाते. इतिहासकारांना ही गोष्ट शंकास्पद वाटते. खुनामागे गारद्यांचा, म्हणजे भाडोत्री शिपायांचा थकलेला पगार आणि अनेकांचे संगनमत होते. ते सगळे बाजूला ठेवून लोकांनी एका बाईला आणि एका अक्षराला दोष दिला, कारण गोष्ट सांगायला तशी सोपी जाते.

कलह संपला तरी पत्रे एकमेकांशी भांडत राहतात. परशुरामभाऊ पटवर्धन हे पेशवाईतले नामांकित सेनापती. सप्टेंबर 1799 मध्ये पट्टणकुडीजवळ ते मारले गेले, आणि समोरची फौज कोल्हापूरच्या छत्रपतींची होती. ते लढतानाच पडले की घायाळ स्थितीत पकडून नंतर मारले गेले, याबद्दल दोन्हीकडच्या हकिकती जुळत नाहीत. त्या दोन्ही मराठीत आहेत आणि प्रत्येक घराण्याने आपली हकिकत खरी मानून जपली. परक्याशी झालेल्या लढाईत असा वाद इतका टिकत नाही. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर पेशवा दुसरा बाजीराव इंग्रजांकडे गेला आणि 31 डिसेंबरला वसईचा तह झाला. तिथून पुढे मराठी घरांच्या भांडणात इंग्रज वकिलाकडे जाणारे पत्र हेच सगळ्यांत वजनदार ठरले.

आता एक उणीव. ही सगळी पत्रे सरदारांची, कारभाऱ्यांची, कारकुनांची आहेत. शिलेदार, बारगीर, प्यादा यांना बहुधा लिहिता येत नव्हते. कोणी गावच्या कुलकर्ण्याकडून किंवा छावणीतल्या कारकुनाकडून चार ओळी लिहून घेतल्या असतील, तरी त्या जपायला त्यांच्या घरी दप्तर नव्हते. अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या गृहयुद्धाशी तुलना केली की हा फरक उघडा पडतो. तिथले बहुसंख्य गोरे शिपाई साक्षर होते. उत्तरेकडच्या शिपायाला तिकीट न लावताही पत्र टाकता येई, पैसे घरचे भरत. दोन बाजूंच्या मधून जाणारी पत्रे पांढऱ्या निशाणाखाली, ठरलेल्या ठिकाणी, उघडी आणि एकाच पानाची अशी बदलली जात. त्यामुळे शेतकऱ्याच्या पोराने आईला लिहिलेली पत्रे तिथे ढिगाने उरली आहेत. गंगथडीचा जो बारगीर राक्षसभुवनला पडला, त्याची खूण पत्रात सापडत नाही. सापडलीच तर हिशेबात सापडते. नालबंदीची रक्कम, मेलेल्या घोड्याची किंमत, आणि कामास आलेल्या माणसाच्या मुलांना दिलेली बालपरवेशी. त्या एका नोंदीतून एखादे घर, त्याची विधवा आणि पोरे अंधुक दिसतात, आणि तेवढ्यावर समाधान मानावे लागते.

गोदावरीच्या उत्तरेकडची पत्रे दक्षिणेकडच्यांपेक्षा कमी छापली गेली, यालाही कारण आहे. मिरज, सातारा, पुणे इथली दप्तरे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजवाडे, खरे, पारसनीस यांच्या हाती लागली. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले आणि कागद गोळा करण्याची चळवळच झाली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. दरबारी दप्तर फार्सी होते आणि ते हैदराबादेत राहिले. गावपातळीवरचे मोडी कागद देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्या घरीच पडून राहिले. वतने गेली तेव्हा त्या कागदांचे कामही संपले असे बहुतेकांना वाटले. माळ्यावरच्या रुमालात बांधलेले कागद वाळवीने खाल्ले, काही बंबात गेले, काही रद्दीत.

उरलेले अजून बरेच आहेत. घनसावंगी, अंबड, गेवराई, पैठण या बाजूच्या ज्या घरी असा रुमाल असेल त्यांनी तो कोरड्या जागी ठेवावा, चिकटलेले कागद ओढून सोडवू नयेत, आणि टाकून देण्याआधी मोडी जाणणाऱ्या माणसाला एकदा दाखवावा. मोडीचे प्रशिक्षण वर्ग आता अनेक ठिकाणी भरतात आणि शिकलेल्यांना वाचायला कागद हवेच असतात. त्यात बहुधा सारावसुलीचे हिशेब निघतील. एखादे पत्र निघाले तर त्यावरचा सन आणि मुक्काम आधी वाचावा.